स्ट्रॅटफर्ड, रिद्धपूर आणि आमचे कांजूर

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितले. "तुम्ही विलायतेला जाऊन आलात ना, मग लिहा की चार पाने," असे त्यांचे म्हणणे. मी होकार दिला खरा. पण लिहायला बसले तेव्हा लेखणी विलायतेत फार वेळ रमेना. ती वऱ्हाडात गेली आणि तिथून सरळ आपल्या मागच्या गावठाणात येऊन थांबली. तेव्हा भगिनींनो, प्रवासवर्णन समजून वाचायला घ्याल तर थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवते.

आमची धाकटी लेक बर्मिंगहॅमला असते. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तिने आम्हाला आगगाडीने स्ट्रॅटफर्डला नेले. एव्हन नदीच्या काठचे ते टुमदार गाव म्हणजे शेक्सपिअरचे जन्मगाव. हेन्ली स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर त्याच्या वडिलांचे घर आहे. लाकडी तुळया बाहेरून दिसतात, मधले पाखे लिंपलेले, छत इतके बुटके की आमच्या ह्यांना दोनदा मान लववावी लागली. १८४७ साली ते घर लिलावात निघाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तीन हजार पौंडांना ते विकत घेतले आणि कायमचे जपले. जुन्या काळी पाहुणे त्या जन्मखोलीच्या खिडकीच्या काचेवर आपापली नावे कोरून जात. त्यात वॉल्टर स्कॉटचेही नाव आहे. ती खिडकी आता मोठ्या मानाने मांडून ठेवली आहे. हे म्हणाले, "आपल्याकडे रायगडावर कुणी नाव कोरले तर आपण त्याला मारायला धावतो, आणि इथे बघ!" मी त्यांना गप्प केले, कारण शेजारचे साहेब लोक कौतुकाने काच पाहत होते.

गावभर सगळे शेक्सपिअरचेच. ट्रिनिटी चर्चमध्ये त्याची कबर, शॉटरीला त्याच्या बायकोचे माहेरचे गवताने शाकारलेले घर, नदीकाठी नाटकगृह. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' लिहिले, देवलांचा 'झुंझारराव' रंगभूमीवर गाजला, हे सगळे ज्याच्या नाटकांवरून, त्याच्या दारात आपण उभे आहोत, या विचाराने माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेला भरून आले, हे कबूल केले पाहिजे. एक गोष्ट मात्र मनात खुपली. ज्याच्या शब्दांवर अर्धे जग पोसले, त्याची धाकटी मुलगी ज्युडिथ हिने कागदावर सहीच्या जागी नुसती खूण केलेली आहे. बापाच्या नाटकांतले एक पान तरी तिला वाचता येत होते की नाही, कोण जाणे.

परतीच्या गाडीत ह्यांनी प्रश्न विचारला. ह्यांचा सगळा जन्म कारखान्याच्या हिशेबखात्यात गेला, त्यामुळे प्रश्नही ताळेबंदासारखाच असतो. "तू सव्वीस वर्षे मराठी शिकवलेस. आपल्या भाषेचे असे गाव कुठले? मराठी ग्रंथ जिथे लिहायला लागले, ती जागा दाखव म्हटले तर मला कुठे नेशील?"

मी पैठण म्हटले, नेवासे म्हटले, आंबेजोगाई म्हटले. "तू गेली आहेस?" पैठणला शाळेच्या सहलीबरोबर गेले होते, ते नाथसागर बघायला. बाकी कुठेच नाही. मग जरा वेळाने, पाठ्यपुस्तकातला धडा आठवावा तसे, मला रिद्धपूर आठवले.

घरी आल्यावर दीड वर्ष असेच गेले. कधी ह्यांची साखर, कधी माझे गुडघे. अखेर २०२५ च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही दोघे रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने निघालो. शेजारच्या वहिनींनी विचारले, "काय, देवदर्शन का?" मी म्हटले, "तसेच काहीसे." रिद्धपूर पाहायला जातो म्हटले असते तर अर्धा तास समजावत बसावे लागले असते.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. अमरावतीहून मोटारीने तासाभराची वाट. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तुरीची शेते, वेचून संपत आलेला कापूस आणि मधूनमधून संत्र्यांच्या बागा. झाडे फळांनी वाकलेली होती. वाटेत एका बागवानाने आम्हाला ओंजळभर संत्री दिली आणि पैसे घेतले नाहीत. हे दिवसभर तीच गोष्ट सांगत होते.

गाव साधेच. स्ट्रॅटफर्डसारखी पाट्यांची, दुकानांची झुंबड नाही, तिकीटही नाही. महानुभाव पंथाचे लोक या गावाला काशीचा मान देतात. मठ आहेत, मंदिरे आहेत. पण आपल्या डोळ्यांना सवय असते तशी मूर्ती शोधायला गेलात तर फसाल. ज्या जागी स्वामी बसले, जेवले, निजले, त्या जागेवर ओटा बांधलेला असतो. त्याला 'स्थान' म्हणतात, आणि माथा टेकवायचा तो त्या ओट्यावर. ह्या स्थानांची वर्णने, कुठल्या दिशेला, कशाच्या शेजारी, अशा तपशिलांसह लिहिलेली 'स्थानपोथी' चौदाव्या शतकातली आहे. म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची वाटाडी पुस्तिका मराठीत सहाशे वर्षांपूर्वीच झाली होती! हे ऐकून ह्यांनी लेकीने दिलेली स्ट्रॅटफर्डची घडीपत्रिका खिशातून काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

आता थोडा इतिहास. गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, ते जवळच्या काटसुरे गावचे. लहानपणीच आईवडील गेले, मामा-मावशीने रिद्धपूरला आणून वाढवले. हे मोठे विलक्षण पुरुष. रीतभात नाही, सोवळेओवळे नाही. मन मानेल त्या घरात शिरावे, समोर दिसेल ते खावे. महार-मांगांच्या घरीही ते जात. शहाण्या लोकांना ते वेडे वाटत. आणि गावातल्या गोरगरिबांना आई नि बाप दोन्ही वाटत. त्यांच्याकडे गुजरातेतून एक तरुण आला. भरवसच्या प्रधानाचा मुलगा, रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेला. तेच पुढे चक्रधरस्वामी झाले. माझ्या मनात नेहमी येते, की गुजरातेत जन्मलेल्या ह्या पुरुषाने आपले सगळे तत्त्वज्ञान सांगायला मराठी निवडली, ती काही सक्तीने नव्हे. ज्यांच्याशी बोलायचे, त्यांना जी कळते ती भाषा त्यांनी घेतली, इतकेच.

ज्यांच्याशी बोलायचे, त्यांत बायका पुष्कळ होत्या. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. महिन्याच्या अडचणीचा विटाळ त्यांनी मानला नाही; शरीराचे जसे इतर धर्म तसाच हा एक, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेराव्या शतकात! आमच्या लहानपणी, म्हणजे त्यानंतर सातशे वर्षांनी, आम्ही चार दिवस पोत्यावर बसत होतो, हे मंडळातल्या माझ्या वयाच्या भगिनींना सांगायला नको.

१२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले आणि त्यांची पोरकी झालेली शिष्यमंडळी नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या पायाशी आली. मराठी गद्याचा जन्म झाला तो ह्या पोरकेपणातून, असे मला तिथे उभे राहून वाटले. म्हाइंभट नावाचे एक मोठे विद्वान शास्त्री होते. वाजेश्वरीच्या देवळात बसून त्यांनी नागदेवाचार्यांकडून स्वामींच्या आठवणी ऐकल्या आणि उतरून काढल्या. मग गावोगाव हिंडून, ज्याने स्वामींना पाहिले त्याला गाठून, आठवणी पडताळल्या. दोन माणसांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही नोंदवून ठेवल्या. अशा नोंदीला 'शोधु' म्हणतात. १२७८ च्या सुमारास तयार झालेला हा ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. ज्ञानेश्वरीच्या आधी बारा वर्षे. ह.ना. नेने, वि.भि. कोलते अशा संशोधकांनी पुढे त्याच्या प्रती मिळवून तो छापून आपल्या हाती दिला.

वाजेश्वरीच्या जागी आम्ही दुपारी गेलो. काय पाहिले म्हणून विचाराल तर सांगता येईल असे फार थोडे. हेन्ली स्ट्रीटला पलंग होता, पाळणा होता, चुलीजवळची भांडीसुद्धा मांडून ठेवली होती. इथे जागा आणि ऊन. पण मी तिथे अर्धा तास बसले. हे सावलीत संत्री सोलत होते.

ह्याच गावात महदाइसा राहत होती. महदंबाही म्हणतात तिला. नागदेवाचार्यांची ती चुलत बहीण. लहान वयात विधवा झालेली. प्रश्न विचारण्याची तिला भारी हौस. लीळाचरित्रात ती पानोपानी काही ना काही विचारत असते, आणि स्वामी तिला कधी हसून, कधी रागे भरून उत्तर देतात. गोविंदप्रभूंच्या मनात एकदा आले, आपले लग्न व्हावे. भक्तांनी लग्नाची तयारी केली. लग्न म्हटले की धवळे हवेत. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गायची मंगल गाणी. ती म्हणायला प्रभूंनी महदाइसेला सांगितले, आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तिथल्या तिथे रचून म्हटले. साल १२८७ च्या आसपासचे. इंग्रजीचा आद्य कवी म्हणवणारा चॉसर तेव्हा जन्मलाही नव्हता, मग शेक्सपिअरची तर गोष्टच सोडा. मराठीची पहिली कवयित्री ती हीच.

आणि भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या काळी विधवेची सावली मांडवात पडू देत नसत, त्या काळी तिला मांडवात बोलावून लग्नाची गाणी म्हणायला सांगितले गेले. मराठी कवयित्रीचे पहिले गाणे तिथून सुरू झाले.

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण पुढचे त्यांच्यावर अवलंबून आहे. पंथातले केशिराज पंडित संस्कृतात रचना करणारे. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका ह्या ज्ञानाला मुकतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय 'स्मृतिस्थळ' ह्या ग्रंथात नोंदलेला आहे. कुणासाठी मराठीत लिहायचे, तर म्हाताऱ्यांसाठी! राजासाठी नव्हे, पंडितांसाठी नव्हे. दुसरी गोष्ट अशी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ते पाठ होते त्यांच्या आठवणीतून ते पुन्हा लिहिले गेले. त्या पाठांतला एक नावाजलेला पाठ हिराइसा नावाच्या बाईचा. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून कुलपात ठेवले आणि ते थेट विसाव्या शतकात वि.का. राजवाडे, वि.ल. भावे, य.खु. देशपांडे अशांच्या खटपटीने आपल्याला वाचायला मिळाले.

मठात एक वृद्ध तपस्विनी भेटल्या. आम्ही दंडवत केला. त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला, कुठून आलात, मुले किती, अशी विचारपूस केली. मी मराठीची शिक्षिका होते असे कळल्यावर त्यांना आनंद झाला. सरकारने २०२३ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा केली, ते सुरूही झाले, पुढच्या वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, हे सगळे बोलून झाले. मग त्यांनी अगदी सहज विचारले, "तुमच्या मुंबईकडे धवळे म्हणतात का हो कुणी?"

मी म्हटले, "छे! मुंबईत आता कोण म्हणणार?"

आणि हे माझ्यामागून म्हणाले, "म्हणतात की! आपल्या मागच्या गावठाणातल्या आजी नाहीत का? आगऱ्यांच्या हळदीत गातात ते काय? धवलाच ना तो?"

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहिते. कांजूरला आम्ही १९८८ साली राहायला आलो. तेव्हा इमारती थोड्या होत्या. पूर्वेला मिठागरे पसरलेली, आणि आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे गावठाण. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण बोलावतात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे तिच्या तोंडी असते. ती देवांना आवतण देते, पितरांना बोलावते, नवरा-नवरीला हळद लावायला सांगते. गाण्यानेच लग्न पुढे सरकते. भटजी असोत वा नसोत, धवलारणीवाचून चालत नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी ह्या परिसरात नावाजलेल्या धवलारीण. त्यांच्या सासूकडून त्यांनी सारे घेतले, लिहिलेले एक अक्षर नाही.

एका वर्षी मार्चमध्ये पलीकडे हळद होती आणि माझ्या टेबलावर दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यात एका गुणाचा प्रश्न होता : मराठीतील आद्य कवयित्री कोण व तिची रचना कोणती? मुले लिहीत होती, महदंबा, धवळे. आणि मी बरोबरची खूण करीत होते. भिंतीपलीकडे आजींचा आवाज चढला. मी गॅलरीत जाऊन एका पोराला हाक मारली आणि निरोप धाडला, आवाज जरा कमी करा, इथे मराठीचे पेपर तपासायचे आहेत. आजींनी आवाज कमी केला. मी परत येऊन पुढच्या उत्तरपत्रिकेवर 'धवळे' ह्या शब्दापुढे एक गुण दिला.

सव्वीस वर्षे हा शब्द मी शिकवला. तो भिंतीपलीकडे गात असताना मला ओळखू आला नाही. महदंबेच्या धवळ्यांतूनच आगऱ्यांचा धवला आला असे मी म्हणत नाही. तो संशोधकांचा प्रांत आहे, आणि लग्नाची गाणी महदंबेच्या आधीही बायका म्हणतच असतील. पण शब्द एक, प्रसंग एक, आणि गाणारीही तीच, एक न शिकलेली वयस्कर बाई. हे सांगायला हिशेबखात्यातला माणूस लागला.

गाडीत रात्री मला झोप आली नाही. ह्यांना मात्र छान लागली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी रिद्धपूरचा प्रसाद आणि संत्री घेऊन आजींकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत प्रथमच पाऊल टाकले, हे लिहिताना लाज वाटते. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी त्या निरोपाची आठवण काढली आणि चुकले म्हणाले. त्यांना तो निरोप आठवतही नव्हता, किंवा आठवत असेल तरी त्यांनी तसे दाखवले नाही. मी म्हटले, आजी, तुमचे धवले मला लिहून घ्यायचे आहेत. त्या हसल्या. "मना लिवता येत नाय, बाय. मना नुसता गाता येतं."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी दोनशे पानी वही घेऊन जाते. काम सोपे नाही. मधूनच एखादे कडवे विचारले तर आजींना आठवत नाही. पुन्हा सुरुवातीपासून गावे लागते, आणि तेही हात रिकामे असतील तर जमत नाही, सुपात तांदूळ घ्यावे लागतात. पुष्कळ शब्द मला कळत नाहीत. कळत नाही म्हणून मी सुरुवातीला दोन ठिकाणी 'शुद्ध' करून लिहिले होते. आजींच्या नातसुनेने ते वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाल्या, असे नाहीच ते. मी खोडले आणि जसे ऐकले तसे लिहिले. उरणकडे दिलेल्या त्यांच्या नणंदबाई पाहुण्या आल्या होत्या. त्या हळदीचे गाणे थोडे निराळे म्हणतात. दोघींचा वाद लागला, कुणाचे खरे. मी दोघींचेही लिहून घेतले आणि समासात 'शोधु' असे घातले. म्हाइंभटांना चालले ते मला का चालू नये?

ह्यांनी वहीची पाने मोजून आकडे टाकून दिले आहेत आणि प्रत्येक गुरुवारी संध्याकाळी किती पाने झाली ते विचारतात. परवापर्यंत एक्केचाळीस झाली. आजी मांडवापासून तेलवणापर्यंत आल्या आणि तिथे अडल्या. दोन गुरुवार आम्ही दोघी नुसत्याच बसलो. मग त्या म्हणाल्या, पुढचे असे कोरडे आठवायचे नाही, खरी हळद समोर हवी. त्यांच्या पणतीचे लग्न वैशाखात आहे. मला आमंत्रण आहे. वही घेऊन ये, म्हणाल्या, पण खुर्चीवर बसू नको, माझ्याजवळ खाली बस, म्हणजे नीट ऐकू येईल.